‘कथाबीज उत्तम, कथानक उभे राहत नाही’ या शेऱ्याचा अर्थ काय?

पत्र :

सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेत रोखपाल आहे. गेल्या वर्षी आयुष्यातली पहिली कथा लिहिली. १९९६ च्या मे महिन्यात माझी थोरली आत्या हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी माहेरी आली होती, त्या एका दिवसावर ती आधारलेली आहे. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवली आणि ती परत आली. सोबत संपादकांनी लिहिले होते : ‘कथाबीज उत्तम. कथानक उभे राहत नाही. निवेदनाचा दृष्टिकोन जागोजागी सुटतो. वडिलांची व्यक्तिरेखा सपाट.’ मी वाणिज्य शाखेची. या शब्दांचे अर्थ शोधू लागले, तर प्रत्येक ठिकाणी निराळी व्याख्या मिळाली, आणि एके ठिकाणी तर कथेचा त्रिकोण काढून दाखवला होता. हे सगळे पाठ केल्याशिवाय कथा लिहिता येतच नाही का? की मुळात माझ्यात ते नाही? कथेची प्रत सोबत जोडली आहे. कृपया नाव छापू नये.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमची चौदा पानांची कथा मी दोन वेळा वाचली आणि संपादकांच्या त्या चार वाक्यांवर बराच वेळ विचार केला. परत पाठवायच्या कथेवर एवढे नेमके लिहिण्याची तसदी संपादक प्रत्येक वेळी घेत नाहीत. जिच्यात काही आहे असे वाटते, तिच्यासाठीच ते थांबतात. त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्या शेऱ्यातच आलेले आहे, असे मला मनापासून वाटते.

संज्ञा पाठ करून कोणाला कथा सुचत नाही. मात्र लिहून झालेली कथा तपासायला बसले की त्यांच्यावाचून अडते. संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर ‘कुठेतरी चुकले आहे’ एवढे म्हणून तुमचे भागत नाही. जमेची बाजू पाहावी लागते, नावेची पाहावी लागते, एखादे व्हाउचर कीर्दीत चढवायचे राहिले आहे का ते शोधावे लागते. जमा, नावे, कीर्द, खतावणी या शब्दांनी तिजोरीत पैसा येत नाही, पण फरक कोठे पडला ते त्यांच्यामुळे सापडते. कथानक, निवेदक, व्यक्तिरेखा हे शब्द कथेच्या बाबतीत तेच काम करतात. व्याख्या ठिकठिकाणी वेगळ्या सापडल्या, यात तुमचा काहीच दोष नाही. मराठीत कथावस्तू आणि कथानक हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि ‘दृष्टिकोन’ या शब्दावर तर दोन अर्थांचा भार आहे. लेखक आयुष्याकडे कसा पाहतो, हा एक दृष्टिकोन. आणि कथेतला प्रसंग नेमका कोणाच्या डोळ्यांनी दिसतो, हा दुसरा. संपादकांनी तुम्हाला जे लिहिले, ते या दुसऱ्या अर्थाने. तुमच्या विचारांबद्दल त्यांची तक्रार नाही.

आता पहिला शब्द. ‘बीज’ ही आपल्याकडची फार जुनी संज्ञा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात कथावस्तूच्या ज्या पाच अर्थप्रकृती, म्हणजे तिला फळापर्यंत नेणारे घटक, सांगितल्या आहेत, त्या बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य अशा आहेत. त्यांतले बीज म्हणजे आरंभी अगदी थोडक्यात पेरलेली, पुढे अनेक अंगांनी पसरत जाणारी आणि शेवटी फळापर्यंत पोहोचणारी गोष्ट. तुमच्या कथेचे बीज एका वाक्यात सांगता येते : माहेरावर जीव असलेली बाई माहेरच्या जमिनीवरचा आणि घरावरचा आपला हक्क सोडायला आपल्याच पायांनी चालत येते. या वाक्यात ओढ आहे आणि तिच्या विरुद्ध जाणारी कृतीही आहे. असे बीज ठरवून सापडत नाही, ते तुम्हाला मिळाले आहे.

कथानक उभे राहत नाही, याचे कारण मात्र तुमच्याच मजकुरातून दाखवते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात कादंबरीवर व्याख्याने दिली. त्यांत त्यांनी केलेला भेद आजही सर्वांत सोपा वाटतो. राजा मेला आणि नंतर राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे झाले कथानक. पहिल्यात नुसता काळाचा क्रम आहे, दुसऱ्यात कारण आहे. तुमच्या कथेत आत्या सकाळच्या एस.टी.ने येते, मग जेवण होते, मग मोठी माणसे तालुक्याला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जातात, मग सही आणि अंगठा होतो, मग आत्या संध्याकाळच्या गाडीने परत जाते. चौदा पानांत ‘मग’ हवे तेवढे आहेत आणि ‘म्हणून’ एकही नाही. प्रत्येक प्रसंग खरा आहे, चांगला लिहिलेला आहे. तरी एखादा काढून टाकला तर उरलेल्या प्रसंगांना काहीच फरक पडत नाही.

पण हे ‘म्हणून’ तुमच्या कथेत आहे, फक्त ते अकराव्या पानावर एका ओळीत दडून बसले आहे. निघताना आत्या म्हणते, ‘चाफ्याची फांदी राहिलीच गं,’ आणि पुढच्या ओळीत गाडी सुटते. वाचताना मी तिथे थांबले. कोणती फांदी? कधी मागितली होती? कोणी द्यायची होती? ही मागणी सकाळी, सहीच्या आधी व्हायला हवी. घरात पाऊल टाकल्यावर आत्या परसातल्या चाफ्याची एक फांदी मागते, अण्णा, म्हणजे मुलीचे वडील, ‘जाताना तोडून देतो’ म्हणतात, सही होते, सही झाली म्हणून घाई संपते, घाई संपली म्हणून फांदीची आठवण राहत नाही. सगळ्या घरावरचा हक्क सोडणाऱ्या बाईने त्या घराकडे एवढीच एक वस्तू मागितली होती. चाफ्याची फांदी रोवली की जगते, हे गावाकडच्या वाचकाला सांगावे लागत नाही. तिने ती का मागितली, हे तो ओळखतो. अशा वस्तूला समीक्षक प्रतीक म्हणतील. तुम्ही मात्र कथेत तसे एका शब्दानेही सुचवू नका आणि आत्याच्या तोंडी ‘माहेरची आठवण’ वगैरे शब्द घालू नका. फांदी ही फांदीच राहू द्या.

याच्याच जोडीला संघर्ष आणि उत्कर्षबिंदू (कथेतला ताण सर्वांत वाढतो ती जागा) हे दोन शब्द येतात. संघर्ष म्हटला की भांडण हवे, अशी समजूत करून घेऊन तुम्ही सातव्या पानावर धाकट्या काकांचा आरडाओरडा घातला आहे. तो काढून टाकला तरी चालेल. आत्याला भावांचा जिव्हाळा टिकवायचा आहे आणि तो टिकवण्यासाठी जे सोडायचे आहे, तेही तिला प्रिय आहे. संघर्ष तिच्या आतच चालू आहे. उत्कर्षबिंदू म्हणून तुम्ही सहीचा प्रसंग योजला आहे, पण आत्या सही करणार हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असते. कथेतला ताण चढत जातो गाडीच्या वेळेकडे, सहीकडे नव्हे. तुम्ही पाहिलेली त्रिकोणाची आकृती जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग यांच्या १८६३ च्या नाट्यविषयक ग्रंथातून आलेली आहे. पाच अंकी नाटक कसे चढते आणि कसे उतरते, हे सांगण्यासाठी ती होती. चौदा पानांच्या कथेने तिच्या मापात बसावे, असा आग्रह कोणी धरू नये.

आता मी सर्वांत महत्त्वाच्या शब्दाकडे येते, कारण तुमच्या कथेची खरी अडचण तिथे आहे आणि ती सुटली तर बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप मार्गी लागतील, असे मला वाटते. तो शब्द म्हणजे निवेदक. कथा लिहिणारी व्यक्ती आणि कथा सांगणारी व्यक्ती या दोन निरनिराळ्या आहेत. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांच्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि ती सांगते यमू, स्वतःच्या तोंडाने, ‘मी’ म्हणून. लेखक पुरुष, निवेदक स्त्री. तुमच्या कथेतील ‘मी’सुद्धा तुम्ही नाही. ती परकर-पोलक्यातली, ओसरीवर उभी असलेली अकरा वर्षांची मुलगी आहे, आणि तिला तुम्ही कथेत उभे केले त्या क्षणी काय दिसेल व काय दिसणार नाही याची मर्यादाही तुम्ही स्वीकारलीत.

चौथ्या पानावरचा हा मजकूर पाहा. ‘मी ओसरीवर उभी होते. आत्या पायरी चढली. एस.टी.त बसल्यापासून तिच्या मनात एकच विचार घोळत होता की, आपण हे बरोबर करतो आहोत ना. अण्णांनी तिच्याकडे पाहिले आणि त्यांना अपराधी वाटले.’ पहिली दोन वाक्ये मुलीची आहेत. तिसरे वाक्य आत्याच्या मनात शिरते आणि चौथे अण्णांच्या. ओसरीवरच्या मुलीला एस.टी.तला विचार कसा कळला? वाचक हा प्रश्न मोठ्याने विचारत नाही, पण त्याचा विश्वास तिथे थोडासा सैल होतो, आणि असे दहा ठिकाणी झाले की कथा त्याच्या हातून सुटते. ‘दृष्टिकोन सुटतो’ या शब्दांत संपादकांनी हेच सांगितले आहे.

सर्वांच्या मनात शिरण्याची मुभा असलेला निवेदक मराठी कथेला नवा नाही. त्याला सर्वसाक्षी निवेदक म्हणतात आणि तो तृतीयपुरुषी बोलतो. तो निवडायचा असेल तर ‘मी’ काढून टाकावा लागेल, मुलगी इतर पात्रांसारखी एक पात्र होईल. तसेही करता येते, पण मला ते पसंत नाही, कारण या कथेचा सगळा ओलावा त्या मुलीच्या न कळण्यात आहे. ‘मी’ ठेवायचा असेल तर तोच प्रसंग साधारण असा लिहावा लागेल : ‘आत्या पायरी चढली आणि थांबली. एरवी ती फाटकातूनच हाक मारायची. आज तिने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा पहिल्या हातात घेतली. अण्णा खुंटीवरची टोपी काढून झटकत होते. टोपी कालच धुतलेली होती.’ यात विचार एकही नाही, अपराधीपणा हा शब्दही नाही. मुलीला पिशवी दिसली, टोपी दिसली. उरलेले वाचकाला दिसले.

आणखी एक शक्यता आहे. आज चाळिशीत असलेली बाई त्या दिवसाकडे मागे वळून पाहते, म्हणजे ‘मी’ एकच पण वये दोन. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये हीच रचना आहे : मोठा झालेला श्याम रात्रीमागून रात्री लहान श्यामच्या हकिकती सांगतो. लहान श्याम चुकतो, हट्ट करतो. त्या चुकीची जाणीव मोठ्या श्यामला असते, आणि आपण एकाच वेळी दोघांनाही ऐकत असतो. ही रचना समृद्ध आहे, पण धोक्याचीही आहे, कारण मोठ्या वयाच्या ‘मी’ला प्रत्येक प्रसंगानंतर अर्थ सांगण्याचा मोह होतो. तुमच्या खर्ड्यात तो मोह नऊ ठिकाणी दिसतो. मी समासात खुणा केल्या आहेत. याउलट व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगरांच्या वस्तीवर नव्याने गेलेला तरुण मास्तर ‘मी’ म्हणून बोलतो. त्याला वस्ती जेवढी उलगडते तेवढीच आपल्याला उलगडते. तुमच्या मुलीला मला त्या मास्तरच्या जवळ उभी पाहायला आवडेल. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’प्रमाणे (१९५९) ययाति, देवयानी, शर्मिष्ठा असे एकाहून अधिक निवेदक योजणे हा मार्ग कादंबरीच्या पैसात शोभतो, एका दिवसाच्या कथेत आत्या, अण्णा आणि मुलगी असे तीन ‘मी’ आणू नयेत.

निवेदकाचा हा नियम कठोरपणे पाळला तर तुमच्या कथेतील सर्वांत मोठा प्रसंगच अडचणीत येतो, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पाचव्या पानाच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की, ‘मला घरी राहायला सांगून सगळे तालुक्याला गेले.’ त्यानंतर तीन पाने कार्यालयाचे वर्णन आहे : बाकावरची गर्दी, स्टॅम्पपेपर, साक्षीदार, शाईचे पॅड. हे तिने पाहिलेच नाही. तिला सोबत न्यावे, किंवा ती तीन पाने सोडावीत. मी सोडण्याच्या बाजूची आहे. त्या पानांत एक वाक्य मात्र अनमोल आहे : परत आल्यावर आत्याने चहाची बशी धरली तेव्हा तिच्या डाव्या अंगठ्याला शाई होती आणि ती बशीच्या कडेला लागली. मुलीला सहीच्या प्रसंगातले एवढेच दिसते. माझ्या मते, एवढेच पुरेसे आहे. ती बशी नंतर कोणी विसळली, हेही लिहा.

व्यक्तिरेखेबद्दल थोडक्यात. सपाट आणि भरीव हा भेदही फॉर्स्टर यांचाच आहे, आणि सपाट असणे हा नेहमीच दोष नसतो. तुमचा कार्यालयातला कारकून सपाट आहे आणि तो तसाच हवा. एखादे पात्र आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकते का, ही भरीवपणाची कसोटी आहे. अण्णा पहिल्या पानापासून स्वार्थी आहेत आणि शेवटच्या पानापर्यंत स्वार्थीच राहतात. ते कर्जात होते का? बहिणीच्या लग्नात त्यांनी काही गमावले होते का? उत्तर कथेत सांगायची गरज नाही, पण तुम्हाला ते माहीत हवे, म्हणजे टोपी झटकणारे हात खरे वाटतील.

स्थळ आणि काळ यांना तुम्ही पार्श्वभूमी म्हटले आहे. मला तो शब्द अपुरा वाटतो, कारण या कथेत साल हेच एक कारण आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यात वारसा होता. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलांसारखा हक्क मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. जन्माने समान हक्क देणारी केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आली. म्हणजे तुमची आत्या १९९६ मध्ये दोन कायद्यांच्या मधल्या जागेत उभी होती. हे कथेत समजावून सांगू नका. तारखेचा उल्लेख एकदा, कॅलेंडरवर किंवा निकालाच्या दिवसावर, असा सहज येऊ द्या, म्हणजे जाणणारा वाचक थबकेल.

संवादांबद्दल माझी एकच विनंती आहे. निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि ते शोभते, पण आत्या ‘तू शाळेत नियमित जातेस ना?’ असे विचारते, तेव्हा ती आत्या राहत नाही. ‘काय गं, शाळंत जातीस न्हवं रोज?’ असेच ती विचारेल. ते कथेत आणा.

शेवटच्या परिच्छेदात तुम्ही स्त्रियांवर पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या अन्यायाविषयी लिहिले आहे. त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे आणि तुमची कळकळ मला पोहोचली. कथेच्या तळाशी वाहणाऱ्या या विचाराला आशयसूत्र म्हणतात, आणि ते फांदीत, अंगठ्याच्या शाईत, टोपीत आधीच आलेले असल्यामुळे तो परिच्छेद मी पूर्ण खोडला आहे. त्यातला विषय एखाद्या लेखासाठी जपून ठेवा.

संज्ञांसाठी वेगळे पुस्तक विकत घेण्याची घाई करू नका. मराठी विश्वकोशातील ‘कथा’ आणि ‘कादंबरी’ या नोंदी संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, आणि वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश एखाद्या मोठ्या ग्रंथालयात बसून चाळता येईल. मात्र ते वाचण्याआधी कथा पुन्हा लिहा, आणि लिहिताना आत्याच्या, अण्णांच्या किंवा काकांच्या मनात शिरणारे प्रत्येक वाक्य पेन्सिलीने खुणावत चला.

दुसरा खर्डा तयार झाला की मला सगळी कथा पाठवू नका, मधली दोनच पाने पाठवा. मोठी माणसे तालुक्याला गेली आहेत, घरात मुलगी एकटी आहे, परसात चाफा आहे, आणि आत्याने सकाळी फांदी मागितलेली तिने ऐकली आहे. त्या तीन तासांत ती काय करते, हे तुमच्या पहिल्या खर्ड्यात कोठेच आलेले नाही.